फट

दुपारी अडीचला दस्तगीर मुल्लांचा टेम्पो
कुपवाडला आमच्या शेडपुढं आला तो दोरीनं ओढत.
पुढं पुतण्याचा जुना, डिझेलचा, खोकणारा,
मागं हा नवा, आवाज नसलेला,
पाठीवर हळदीची अकरा पोती.

"शंभर फुटीवर बसला बघा मॅडम.
दम लागल्यागत झालं अन् बसला."

एप्रिल. पत्र्याखाली एक्केचाळीस.
मी बॅटरीच्या पेटीवर तळवा ठेवला
आणि काढून घेतला.
मीटर नंतर लावला. त्यानं तेच सांगितलं,
आकड्यात: छप्पन्न.

आतला बोर्ड साठ झाले की
कुणाला न विचारता वीज तोडतो.
दस्तगीरभाईंना तो नखरा वाटतो.
मला वाटतं, अख्ख्या गाडीत
तो एकटाच जागा असतो.

सीट उचलली. स्क्रू सोडवले.
पेटीच्या चारी अंगांनी घट्ट
कोंबलेली निघाली एक गोधडी.
हिरव्या लुगड्याचा काठ, शाळेच्या गणवेशाची निळी चौकट,
आणि शर्टाचा एक अख्खा खिसा,
तो नेमका हवेच्या जाळीवर.

"दिग्रजच्या रस्त्याला लय आदळती हो.
म्हटलं, आत काय नाजूक असंल.
घरातनंच दिली. तिनंच शिवलीया."

मी लगेच काही बोलले नाही.
टाके फार बारीक होते.

आत नळकांड्या उभ्या असतात, शंभरावर,
यार्डातल्या थप्पीसारख्या दाटीनं,
पण दर दोघींत एक फट, दोन मिलिमीटरची.
ती कुणाच्या हातून चुकून राहिलेली नाही.
एकीचं तापणं शेजारणीला कळू नये म्हणून ती आहे.
कळलं तर तीही तापते,
मग तिची शेजारीण,
मग बादल्या पुरत नाहीत.

माझे सासरे हरिपूरचे. महापुराआधी
हळदीच्या पेवात उतरायचे.
वर्षभर मातीनं लिंपलेलं तोंड उघडलं
की कुणी आत पाय टाकायचा नाही.
आधी दोरीला कंदील.
ज्योत टिकली तर माणूस.
"बंद जागेला आधी इचारायचं," म्हणायचे,
"पोटात काय साठलंय बाई तुझ्या."
लिथियम हा शब्द त्यांच्या कानावर आला नाही.
पण तांदळाएवढा सेन्सर मी नळकांडीला चिकटवते,
तेव्हा वाकून बघायची सवय त्यांची.

दुसऱ्या रांगेतला तो तांदूळ
सुटून हवेत लोंबत होता.
म्हणजे बोर्ड साठ म्हणाला
ते पेटीतल्या हवेचे.
नळकांडीचे किती होते,
हा हिशोब मी मनात केला
आणि दस्तगीरभाईंना म्हटलं,
पोती उतरवून घ्या आधी.

पुतण्या बादली घेऊन आला. "पाणी मारू?"
"ठेव ती. पंखा लाव, आणि चहा सांग.
तापलेल्याला घाईनं गार करायचं नसतं."

दोन नळकांड्या मेलेल्या निघाल्या. बदलल्या.
खालच्या पट्टीला पेस्ट लावली,
भाकरीला लोणी लावतात त्याहून पातळ.
जाळी ब्रशनं साफ केली. पिवळी धूळ पडली.
खाली रबराच्या चार गोट्या बसवल्या,
आदळण्याचा प्रश्न खोटा नव्हता.

"आणि घरी गेल्या गेल्या चार्जिंगला लावू नका.
अर्धा तास सावलीत उभी करा."
"खरं हाय," ते म्हणाले,
"उन्हातनं आलेल्याला कोण लगीच जेवाय वाढतंय."

मग गोधडी हातात घेऊन उभेच राहिले.
"हिचं काय करू? विचारल की ती."

"तुमच्या सीटवर टाका. कंबर तुमची आदळते."
हसले. घडी घातली. पुन्हा उलगडून
खिसा वरच्या बाजूला येईल अशी घातली.
कापूस अजून कोमट होता.

साडेसहाला निघाले.
नव्या टेम्पोचा आवाज आलाच नाही.
आला तो दोरीचा,
डिझेलवाल्याच्या मागं
कुणी सोडायची विसरलेली दोरी,
रस्त्यावरून मोकळी घासत गेलेली.